न मोजलेली जखम

मंगळवार, सकाळ

लाडके ठमे,

आधी आशीर्वाद घे, मग हवं तर पत्र फाड. फोन तू उचलत नाहीस. चार वर्षांपूर्वी 'या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस' असं मीच म्हटलं होतं, मग तक्रार कुठल्या तोंडानं करू? म्हणून हे कुरियरनं पाठवतेय, उद्या मिळेल.

मी बरी आहे. घरोघरी जाऊन ड्रेसिंग करायचं काम चालू आहे, सध्या अकरा पेशंट. एका मास्तरांच्या पाठीला जखम आहे. मला बघितलं की "आल्या यमदूत!" म्हणतात आणि मुकाट कुशीवर वळतात. माझा नियम तुला ठाऊक आहे. दर आठवड्याला मोजपट्टीनं जखम मोजायची, वहीत लिहायची. दोन आठवड्यांत कमी झाली नाही, तर घरच्यांचं काही न ऐकता डॉक्टरकडे पाठवायचं. लोक रडतात, चिडतात. मी ढिम्म.

आईच्या टाचेला जखम झालीय. नवी चप्पल लागली, एवढंच निमित्त. तिची शुगर तुला माहीतच आहे.

खरं सांगू? आईची जखम मी एकदाही मोजली नाही. मोजपट्टी पिशवीतच राहिली. रोज नुसती बघायचे आणि म्हणायचे, "भरत आलीय हं, आई." पायाची नाडी लागेना, तर म्हटलं, माझीच बोटं गार असतील. पाच आठवडे, ठमे! शनिवारी वास आला तेव्हा कुठे मोजली. चार सेंटीमीटर लांब, तीन रुंद, आणि आत हाड दिसत होतं.

आईला तशीच हॉस्पिटलात नेली. शुक्रवारी पाऊल काढायचं म्हणतात. उशीर केला तर गुडघ्यापर्यंत जाईल, कदाचित जिवावरही बेतेल. आणि आई सही करत नाही. म्हणते, "बाबांच्या वेळी तू एकटीनं ठरवलंस. आता दोघी मिळून सांगा."

बाबांना हॉस्पिटलात ने म्हणून तू घसा फोडून सांगत होतीस. मी म्हटलं, नर्स तू की मी? ते वाचले असते की नाही, देव जाणे. पण तुझं ऐकायला हवं होतं. घरचं माणूस म्हटलं की माझे डोळेच मिटतात गं, तेव्हाही आणि आताही.

तुझी फार आठवण येते. रोज ड्रेसिंग करताना वाटायचं, ठमी असती तर खेकसली असती, "ताई, आधी मोज!" माझ्यावर खेकसणारं कुणी उरलंच नाही.

गुरुवारपर्यंत ये. माझ्याशी बोलू नकोस, शिव्या दे, काहीही कर. आईला काय सांगायचं ते तू ठरव, मी मागे उभी राहीन.

ती दिवसभर दाराकडे तोंड करून पडलेली असते. कूस बदलून दिली तरी पुन्हा तिकडेच वळते. विचारलं तर म्हणते, "इकडून वारा येतो." ठमे, त्या खोलीचं दार सदा बंद असतं.

तुझं ऐकायला बसलेली,
ताई