उणी ऊर्जा आणि माझी खुर्ची

४ मार्च, मंगळवार
आज माझ्यावर घोर अन्याय झाला. या घरातली न डुगडुगणारी एकमेव खुर्ची धाकट्या बहिणीने बळकावली! मी डुगडुगत पेपरातलं विनोदी सदर लिहिलं. विनोदही डुगडुगले.
धाकटी पदार्थविज्ञानवाली. पंचेचाळिशी आली तरी नोकरी तात्पुरतीच. शुक्रवारी निवड समितीपुढे व्याख्यान. जमलं तर कायम, नाहीतर हे क्षेत्रच सोडणार म्हणते. तयारीला शांतता हवी म्हणून माझ्याकडे मुक्काम. शांतता! माझ्याकडे!

५ मार्च
"ताई, रिकाम्या जागेतली ऊर्जा शून्याच्याही खाली जाऊ शकते. पण जितकी खोल, तितका कमी वेळ. मग परतफेड, घेतलं त्याहून जास्त."
"तुझ्या रागासारखं."
"तुझा राग तर खालीच राहतो. निसर्गनियमात बसत नाही."
परतफेडीचं वाक्य मात्र झकास. तसंच सदरात घातलं.

६ मार्च
"माझं वाक्य ढापलंस?"
"उसनं घेतलं गं."
"मग फेड. व्याजासकट!"
संपादक म्हणाले, बऱ्याच दिवसांनी काहीतरी नवीन लिहिलंत. श्रेय मी खिशात घातलं.
दुपारी धाकटीचा चेहरा उतरलेला. तिच्या सिद्धतेत भोक सापडलं. ऊर्जा किती खाली जाईल याला मर्यादा असते, हेच तिला दाखवायचंय. आणि आकडेमोडीत मर्यादाच उरत नाही! "उद्या हसतील मला." तिच्या येरझाऱ्या. मग माझ्याही. दारात दोनदा टक्कर.

७ मार्च
सकाळी न्हाणीघरातून आरोळी — "ताई, कडा!"
मला वाटलं पडली.
"मी मोजणं एकदम सुरू केलं, एकदम थांबवलं. त्या धारदार कडांनीच घात केला. हळूहळू सुरू करायचं, हळूहळू थांबवायचं, की मर्यादा निघते!"
"आणि हे तू मुलांना शिकवतेस?"
"दरवर्षी!"
ओल्या केसांनी पळाली. पायात चपला माझ्या.
दिवसभर फोन नाही. माझी एक ओळही लिहून झाली नाही.

८ मार्च
कायम! पण दुसऱ्या शहरात. सोमवारी जाणार.
"बरं झालं, खुर्ची सुटली," मी म्हटलं.
ती माझ्याकडे बघत राहिली. "कडा, ताई. जरा हळू."

१० मार्च
टेम्पो आला. ती वर चष्मा शोधत होती, तेवढ्यात ड्रायव्हरला सांगून खुर्ची चढवली. वर माझी उशी ठेवली — व्याज.
डुगडुगत लिहितेय.