एका सेंटिमीटरची उंची

फरीदाबाद,
रविवार दुपार

चि. धैर्यशील यास श्याममामाचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे ठीक आहोत, तूही तिकडे ठीक असशील असं धरून चालतो. (तुझ्या चौकीवर फोन लागत नाही हे एका अर्थी बरंच आहे. जे सांगायचंय ते फोनवर माझ्याच्यानं सांगवलं नसतं.) तिकडे थंडी सुरू झाली असेल. कानटोपी घालत जा. कॅप्टन झालं म्हणून कान काही लोखंडाचे होत नाहीत.

तू डिसेंबरात येऊन गाडी घेऊन जाणार असं आक्काच्या पत्रातून कळलं. गाडी तुझी आहे, तेव्हा तिच्याबाबतीत जे घडलं ते तुला आधी कळवणं माझं कर्तव्य आहे. जाताना तू म्हणाला होतास, "मामा, आठवड्यातून एकदा चक्कर मारा, बाकी कशाला हात लावू नका." यातला पहिला अर्धा भाग मी काटेकोरपणे पाळला.

दुसऱ्या अर्ध्या भागाचं कारण तुझी मामी. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर ती खाली उतरायलाच तयार नव्हती. एका रविवारी मी म्हटलं, चल, फिरवून आणतो. तिनं गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "हिच्यात बसणं म्हणजे पाटावर बसणं. बसेन हो, पण उठवणार कोण?" (मी उठवलं असतं. पण छातीच्या दुखण्यापासून मला बादलीसुद्धा उचलू देत नाहीत.) ती वर निघून गेली. मी गाडीपाशी उभा राहिलो आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. उभा जन्म मशीन शॉपमध्ये काढलेल्या माणसाला बायकोसाठी गाडी चार बोटं वर उचलता येऊ नये!

मग मी टेप काढली. तुझ्या टायरवर २०५/५० असं लिहिलंय. म्हणजे रुंदी दोनशे पाच मिलिमीटर आणि टायरच्या भिंतीची उंची त्याच्या निम्मी. आता रुंदी सव्वादोनशे केली की निम्मं आपोआप वाढतं, आणि सगळी गाडी एक सेंटिमीटर वर येते. रिम कंपनीचीच राहते, कुठे कापाकापी नाही. हे गणित मी तीनदा तपासलं. गणित बरोबर होतं. फक्त टायरला रुंदी वाढल्यावर जागाही जास्त लागते, हे मी गणितात धरलं नव्हतं.

टायरच्या दुकानात जाऊन नवे टायर बसवून घेतले. दिसायला भारदस्त दिसतात, फक्त जुन्या रिमवर जरा फुगल्यासारखे वाटतात (घट्ट पट्टा बांधलेल्या माणसाचं पोट दिसतं तसे). सोसायटीच्या गेटातून वळलो आणि आतून खर्रर्र असा आवाज आला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासत होता. तसाच उलट्या पावली दुकानात गेलो आणि स्वच्छ हिंदीत म्हणालो, "भैया, टायर घासता है."

तो म्हणाला, "घास? कहाँ लगी है, अंकल?"

मी म्हटलं, "अंदर. दोनों तरफ. मोड़ने पर."

त्या सज्जनानं दोन्ही चाकं उतरवली, पाण्याचा फवारा मारून आतला भाग धुऊन काढला आणि खरोखर मूठभर वाळकं गवत माझ्या हातावर ठेवलं. (तू गाडी बागेच्या कडेला लावून गेला होतास.) म्हणाला, "लो जी, निकाल दी." मी आभार मानले, वळलो, खर्रर्र. परत गेलो. "अभी भी घासता है." आता त्याला ऐकू आलं 'घिसता है'. तो दुखावला. "अंकल, कल का टायर है, आज कैसे घिस जाएगा?" आणि त्यानं मला टायरची नक्षी बोट घालून दाखवली. तिसऱ्या खेपेला त्यानं विचारलं, "आप गाड़ी खेत में तो नहीं चलाते?"

शेवटी शेजारची क्षिप्रा बरोबर आली. ही मुलगी दिल्लीत वाढली, हिला 'घासणे' भांड्यांपलीकडे माहीत नाही. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "भैया, रगड़ रहा है." तीन शब्दांत विषय मिटला. छत्तीस वर्षं फरीदाबादेत काढून मला हा धडा मिळाला. प्लास्टिक थोडं मागे सरकवलंय, तरी पूर्ण वळवलं की अजून जरा लागतं. म्हणून यू-टर्न मी तीन हप्त्यांत घेतो. मागचे लोक बोलतात, पण काचा बंद असतात.

आता मुख्य गोष्ट. मागच्या रविवारी मामी गाडीत बसली. आम्ही दिल्लीला कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदनात गेलो, थालीपीठ खाल्लं. उतरताना तिनं माझा हात बाजूला सारला, दाराला धरलं आणि एकटी उभी राहिली. मी टायरमधली हवा बघत असल्यासारखं केलं.

तर असा मी तुझा अपराधी आहे. रागवायचं असेल तर खुशाल रागव.

तुझा,
श्याममामा

ता. क. जुने चारही टायर बाल्कनीत झाकून ठेवलेत. तासाभरात परत बसतात असं दुकानदार म्हणाला. मी बसवलेले नाहीत.

ता. क. २. गाडी आणखी सहा महिने इथे राहिली तर चालेल का? माझं काही नाही. मामीला आत्ता कुठे सवय लागतेय.

(पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली लिहिते. तुझी मामी, प्रभावती.)

धैर्यशील, एका सेंटिमीटरनं गुडघे बरे होत नसतात. मी मार्चपासून त्याच गाडीतून क्षिप्राबरोबर भाजी आणायला जाते, हे दुपारी झोपले की. छातीचं दुखणं झाल्यापासून हे नुसते खुर्चीत बसून राहायचे. तुझ्या गाडीची चक्कर मारायची आणि पुन्हा खुर्ची. बोलणंसुद्धा बंद केलं होतं. मला उठता येणार नाही म्हटलं, तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा टेप शोधत घरभर फिरले. गाडी न्यायचीच असेल तर ने बाळा, तुझीच आहे. फक्त पंधरा दिवस आधी मला कळव, म्हणजे मला दुसरं काहीतरी दुखायला लागेल.