तिसरा चॅप्टर, नऊ दिवस

१४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९.४०
तैवानमध्ये चांद्र नववर्षाची सुट्टी सुरू. निम्मं तैनान शहर गावी गेलं, निम्मं गावाहून इथे आलं. मी कुठेच जाणार नाही. पीएचडीच्या प्रबंधाचा तिसरा चॅप्टर लिहिणार.

माझ्या गाईडनी, श्युए सरांनी, काल स्पष्ट सांगितलं. २३ तारखेला लॅब उघडेल तेव्हा चॅप्टर टेबलावर हवा. असेल तर जूनमध्ये व्हायवा. नसेल तर नाही. शिष्यवृत्ती जूनमध्येच संपतेय, म्हणजे चार वर्षं इथे काढून डिग्रीशिवाय कोल्हापूर.

चॅप्टर चाळीस पानांचा. दिवस नऊ. रोज साडेचार पानं. हसू आलं. पाचच धरतो, शेवटचा दिवस आरामाला. वेळापत्रक केलं, चार रंगांत. दिवस त्यातच गेला, पण पाया भक्कम हवा.

१५ फेब्रुवारी
वेळापत्रकात जेवणाच्या वेळा राहून गेल्या होत्या. पुन्हा केलं.

दुपारी लॅबमध्ये नदीमुखाच्या गाळाचं मॉडेल मशीनवर, म्हणजे लॅबच्या मोठ्या संगणकावर, लावून आलो. सात दिवस अखंड चालेल, २२ तारखेला आकडे हातात. गावी निघालेली पेइश्वान तिथेच होती. लॅबमधली सगळ्यात धाकटी, मला दादा म्हणते. मशीनवर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवत होती. इथे प्रत्येक लॅबमध्ये ठेवतात. हिरवं असलं की मशीन शहाण्यासारखं वागतं म्हणे. वर पेनाने लिहिलं होतं: नीट चाल, मध्येच बसू नकोस. मला म्हणाली, "दादा, हे खायचं नाही हं. आणि पिवळं तर चुकूनसुद्धा ठेवू नका, पिवळं ठेवलं की मशीन रुसतं." मी इंजिनिअर आहे. नुसता हसलो.

१६ फेब्रुवारी
चॅप्टरचं शीर्षक लिहिलं. तेवढ्यात घरमालकीण च्वांग मावशी वर आली. "वर्षाच्या शेवटच्या दिवशी एकटा जेवणार? तुझी आई मला काय म्हणेल?" आईची आणि हिची ओळख नाही. पण हिच्यापुढे माझं काही चालत नाही. खाली गेलो. कोंबडी, मासा, मुळ्याच्या वड्या, पुन्हा कोंबडी. वर आल्यावर झोप अनावर. उद्या दहा पानं.

१७ फेब्रुवारी, पाडवा इथला
मावशीचा नवरा, मावशीची जाऊ आणि मावशी. माजाँगला, म्हणजे इथल्या सोंगट्यांच्या खेळाला, चौथा गडी नाही. "अरे, तिघांत डाव होतो का? एकच खेळ, मग जा आपला." एकच खेळ संध्याकाळी साडेसहाला संपला.

मध्ये मी म्हणालो, चॅप्टर झाला नाही तर मेलो मी. मावशीने टेबलावर हात आपटला. "थुंक ते! दिव्यांच्या सणापर्यंत, पंधरा दिवस, वाईट अक्षर काढायचं नाही तोंडातून. या दिवसांत पोराने बशी फोडली तरी आम्ही छान झालं म्हणतो." छान झालं म्हणालो. दोन डाव हरलो.

१८ फेब्रुवारी. दुपारी १२
घरात राहिलो तर माजाँग. म्हणून लॅबमध्ये. अख्ख्या इमारतीत मी एकटा. अशी शांतता चार वर्षांत मिळाली नव्हती.

दुपारी ३.१५. शांततेत भूक फार लागते. दुकान जाऊन-येऊन पंचवीस मिनिटं. तेवढ्या वेळात दीड पान होईल. पाकीट समोरच होतं. वेळेचा विचार करून खाल्लं. नारळाची चव बरी आहे.

संध्याकाळी ५. पान झालं नाही. पाकीट संपलं.

१९ फेब्रुवारी
तीन दुकानं फिरलो, हिरवं कुठेच नाही. सगळ्यांनी आपापल्या मशीनसाठी आधीच नेलंय. पिवळं मिळालं. रिकाम्या जागेपेक्षा पिवळं बरं. पाकिटाचा रंग बघून संगणक चालतो असं कुठल्या पुस्तकात आहे? तरी त्याचं तोंड भिंतीकडे केलं.

पान एक. त्यातलं अर्धं आभारप्रदर्शन.

२० फेब्रुवारी
मावशीने मांस भरलेले पाव आणि ते वाफवायला आपला विजेचा कुकर दिला. लॅबमध्ये मोकळं सॉकेट मशीनशेजारीच. लावलं आणि खोलीतली वीज गेली. घाम फुटला. मग बटण वर केलं, दिवे आले. मशीनही आपोआप सुरू झालं असेल. स्क्रीन मुद्दाम बघितली नाही. बघितली की लक्ष उडतं.

पाव कोमटच खाल्ले.

२१ फेब्रुवारी
माजाँग. आज मी स्वतःच खाली गेलो. का गेलो, माहीत नाही.

२२ फेब्रुवारी
पेइश्वान गावाहून परतली आणि तडक लॅबमध्ये गेली. फोन आला. मॉडेल २० तारखेला दुपारी थांबलंय, आकडे गेले. "दादा, हिरवं पाकीट कुठाय? हे पिवळं कुणी ठेवलं?" मी सांगितलं, पाकीट मी खाल्लं. कुकरचं सांगायची वेळ आली नाही; ती पाकिटावरच इतकी रडकुंडीला आली होती. शेवटी मीही म्हणालो, पाकिटामुळेच झालं असणार. इंजिनिअर म्हणून लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

चाळीस पानं एका दिवसात होणार नाहीत. हे आज लक्षात आलं.

२३ फेब्रुवारी, लॅब उघडली
दीड पान घेऊन गेलो. सरांनी दाराशी उदबत्ती लावली, फळं मांडली. मग दीड पान वाचलं, बंद मशीन बघितलं, पिवळं पाकीटही बघितलं. आणि मला एक संत्रं दिलं! "नव्या वर्षात तब्येत सांभाळा, वेळेवर जेवत जा," एवढंच. रागावले असते तर ओरडले असते. सरांनी समजून घेतलंय. उगीच घाबरलो. आईला फोन करून सांगितलं, सर खूश आहेत, जूनचं नक्की.

२७ फेब्रुवारी
सर अजून गोडच बोलतात. चॅप्टरचं नावही काढत नाहीत. म्हणजे घाई नाही. नवं वेळापत्रक, पाच रंगांत.

३ मार्च, दिव्यांचा सण
मावशीबरोबर कंदील बघितले. साखरेच्या पाण्यातल्या उकडीच्या गोळ्या खाल्ल्या. सहा पानं झाली. वेग वाढतोय.

४ मार्च, बुधवार. सकाळी ८.०५
सरांची मेल. सण काल संपला. मेल दोन ओळींची. यंदा व्हायवा होणार नाही, शिष्यवृत्ती वाढवून मिळण्याची शिफारस सर करू शकत नाहीत. गाळाचं काम पेइश्वानकडे द्यावं, शुक्रवारपर्यंत तिला सगळं लिहून द्यावं.

पेइश्वान म्हणाली, "दादा, लॅब उघडली त्याच दिवशी सर ठरवून बसले होते. नववर्षाच्या पंधरवड्यात वाईट कसं बोलणार ते?" तिला माहीत होतं. मावशीलाही बहुतेक माहीत असणार. मला चार वर्षं इथे राहूनही कळलं नाही. किंवा कळलं होतं. जिन्यात बसून रडलो.

६ मार्च
पेइश्वानसाठी काल सकाळी लिहायला बसलो. गाळ कुठून येतो, कुठे बसतो, मॉडेल कुठे चुकतं, का चुकतं, पहिल्या वर्षापासूनचं सगळं. वेळापत्रक नव्हतं. आज दुपारी संपलं तेव्हा त्रेचाळीस पानं झाली होती. कुकरचंही लिहिलं.

तिने तिथेच उभ्याउभ्या वाचलं. मग हळूच म्हणाली, "दादा, हाच होता ना तिसरा चॅप्टर?"

हो म्हणालो.