पप्पांची चेन अजून साफ होतेय

प्रिय मैत्रेयी,

सप्रेम जयभीम. फोन सोडून आईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोन हॉलमध्ये आहे, हॉलमध्ये तुझे पप्पा आहेत आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर सांगता येण्यासारखं नाही. त्याच हॉलमध्ये कालपर्यंत चेनही होती. गळ्यातली नव्हे, तुझ्या जुन्या सायकलची. टीव्हीशेजारी पेपर पसरून त्यावर डालड्याचा रिकामा डबा ठेवलाय. त्यात ती बुडलेली असायची, आणि पप्पा येता-जाता चमच्याने तिला ढवळायचे. चमचा माझ्या साखरेच्या डब्यातला होता. आता तो डालड्याच्या डब्याचा झाला.

तुला अर्धवट ठाऊक आहे, बाकीचं सांगते. चामटोलीची बालवाडी मला मिळाली तेव्हा तू किती खूश झाली होतीस! तिथली चिल्लीपिल्ली मला बाई म्हणतात. एवढी वर्षं मी तुझी आई, पप्पांची बायको आणि सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरची, एवढीच होते. पण ती टमटम! भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हर म्हणतो, 'काकू, अभी दो सवारी आयी की निघालोच', आणि त्या दोन सवाऱ्या घरी बसून चहा पीत असतात. मी पोचेपर्यंत पोरं उंबऱ्यावर बसून माझ्या वाटेकडे डोळे लावून रडकुंडीला आलेली. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या बनूबाईंनी दिवाळीच्या सुट्टीआधी गोड आवाजात सांगितलं, 'मायाताई, तुमच्यासारखी बाई मला मिळणार नाही. पण सुट्टीनंतर वेळेवर येणं जमलं नाही, तर गावातलीच कुणीतरी बघावी लागेल.' गोड आवाजात सांगितलं की जास्त लागतं. ही बालवाडी मला सोडायची नव्हती, अजिबात नव्हती.

म्हणून मी सायकल शिकले. हस, हस. खालच्या मीनलने नगरपालिकेच्या शाळेच्या मैदानावर पहाटे पहाटे मला शिकवलं. साडीवरून ड्रेसवर आले, ड्रेसवरून एकदा गटारातही आले, गुडघा सोलला, पण शिकले. मग गॅलरीतली तुझी सायकल काढली आणि तिथे सगळं अडलं. पप्पांनी चेनला बोट लावलं, ते बोट माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाले, 'ह्या चेनवर तू बारवी धरणाच्या रस्त्याने चामटोलीला जाणार? आधी हिचं ग्रीस निघालं पाहिजे.'

अंबरनाथच्या कंपनीत पप्पांचा सगळा जन्म प्लेटिंग खात्यात गेला. नळ, हँडल, कड्या चकचकीत करायच्या आधी त्यांच्यावरचं तेल काढायचं, हे त्यांचं काम. तेलाचं एक बोट जरी राहिलं तरी निकलचा मुलामा धरत नाही, हे वाक्य तू बाराखडीच्या आधी शिकली होतीस. कंपनीला टाळं लागल्यापासून त्यांना तेल काढायला काही मिळालंच नव्हतं. माझी भजी तेवढी कागदात दाबून बघायचे. त्यामुळे मला वाटलं, करू दे बिचाऱ्यांना, एका दुपारचं तर काम आहे.

पहिल्या दिवशी रॉकेल. जगात सगळे रॉकेलनेच चेन धुतात, पण पप्पांचं म्हणणं, रॉकेल मळ सोडवतं आणि स्वतः मात्र मुक्कामाला राहतं. मग धुण्याचा सोडा. तो म्हणे गरमच लागतो. मी विहारात गेले होते, तेवढ्यात ह्यांनी गॅसवर पातेलं चढवून चेन उकळायला घातली. कंपनीत त्यांची सोड्याची टाकी लोखंडी होती. घरात हाताला लागलं ते माझं भाताचं मोठं अॅल्युमिनियमचं पातेलं. जन्मभर ज्याने सोडा हाताळला, त्या माणसाला अॅल्युमिनियमला गरम सोडा चालत नाही हे आठवलं, पण पातेलं आतून काळंठिक्कर झाल्यावर. चेन मात्र चांदीसारखी निघाली. रात्रभर सायकलला तशीच ओली लटकली आणि सकाळी बघते तर अंगभर तांबूस गंज. पप्पा गंजाकडे बघत म्हणाले, 'बघ, म्हणजे तेल पूर्ण निघालं होतं.' असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर तू बारावी पास झालीस तेव्हा पाहिला होता.

मग मीही थोडी अक्कल चालवली. पप्पा भाजी आणायला गेले तेव्हा फडक्याने गंज पुसला आणि चेनला माझं डोक्याचं खोबरेल तेल चोळलं. पण बदलापूरची थंडी तुला माहीत आहे. सकाळी चेन पांढरीशुभ्र, तेल थिजून प्रत्येक कडीत बसलेलं, पेडल हलेना. पप्पांनी ते बोटावर घेऊन हुंगलं, माझ्या वेणीकडे बघितलं आणि चेन परत डब्यात टाकली.

मग ही बातमी सोसायटीत फुटली. आपल्याकडे प्रत्येक घरातला माणूस कुठल्या ना कुठल्या कंपनीत आणि प्रत्येकाला वाटतं, जगातली सगळी घाण आपल्याच कंपनीचा माल काढतो. हरिचंद्र साबणाच्या कंपनीत, तो कोल्ड्रिंकच्या बाटलीत निळं काहीतरी घेऊन आला. गुरुदत्त रंगाच्या कंपनीत, त्याने थिनर आणलं. लेबल कुठल्याच बाटलीला नाही, नुसतं 'ह्याच्यात पाणी नका घालू' आणि 'ह्याच्यात घालाच'. कुणाचं काय ते दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवेना. निळ्याने चेनला काहीच केलं नाही, पण फरशीचा तो जुना डाग गेला, जो मी दहा वेळा घासला होता. थिनरने चेन साफ केली आणि सांडून चेनकव्हरवरचं तुझं नावही साफ केलं. पप्पांनी ब्रशने लिहिलं होतं ना? आता नुसतं 'यी' उरलंय.

शेवटी मला घेऊन पप्पा उल्हासनगरला कॅम्पात गेले. तिथे एका सिंधी दुकानदाराकडे ड्रमच्या ड्रम रचलेले. पप्पांनी त्याला आम्ल, अल्कली, वास, ज्वलनशीलता, सगळं विचारलं. तो बिचारा समजला मोठी ऑर्डर आहे. खुर्ची दिली, चहा मागवला. मग म्हणाला, 'साईं, फॅक्टरीमें कितनी चेन है?' पप्पा म्हणाले, 'एक. लेडीज सायकलची.' दुकानदाराने चहाकडे एकदा खिन्नपणे बघितलं आणि रस्त्यापलीकडे बोट केलं, 'साईं, सामने सायकलका दुकान है. नवी चेन घेऊन टाक ना!' मी उठलेच होते. पण पप्पांना असा राग आला की येताना टमटममध्ये ते माझ्याकडे पाठ करून बसले. हातात मात्र त्या दुकानातल्या औषधाचं डबडं होतंच.

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, मैत्रेयी. नव्या चेनचा एवढा राग कशासाठी?

कारण दर वेळी असंच होत होतं. चेन साफ व्हायची, सायकलला चढायची, पप्पा म्हणायचे, 'मी ट्रायल घेऊन येतो.' तासाभराने परत यायचे आणि सांगायचे, 'अजून कटकट आहे, पेडलला जड जातं.' की चेन पुन्हा डब्यात. एकदा मी गच्चीत गोधड्या वाळत घालत होते. खाली बघते तर पप्पा सायकल हाताने ढकलत चाललेत. कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसले, सायकल शेजारी उभी. बऱ्याच वेळाने उठले, सायकल तशीच ढकलत परत. वर येऊन म्हणाले, 'जड जातं.'

सुट्टी संपली. मी पुन्हा टमटमने, पुन्हा उशिरा. बनूबाई आता गोडही बोलत नव्हत्या, सोमवारपर्यंत बघते म्हणाल्या. पप्पा आपले रोजच्यासारखे माझ्याबरोबर टमटममध्ये. हे तुला सांगायचं राहिलं. बालवाडी सुरू झाली तेव्हापासून पप्पा मला सोडायला म्हणून नाक्यापर्यंत यायचे, मग टमटममध्येही चढायचे, मग माझी पोरं सुटेपर्यंत चामटोलीत रामभाऊंच्या अंगणात बसायचे. कंपनीतले रामभाऊ, आता गावी शेती करतात, तेच. गेल्या आठवड्यात पप्पा पाण्याचा तांब्या आणायला आत गेले तेव्हा मी रामभाऊंना विचारलं, चेनचं एवढं असतं का हो? रामभाऊ असे हसले की बैल दचकला. 'अवो वयनी, त्याला चेनीचा काय करायचाय? सायकल कवा येत व्हती त्याला? सारी नोकरी माझ्या कॅरिअरवर बसून केलीन त्यानं!'

मी परत येताना टमटममध्ये माझी मीच इतकी हसले की बायका सरकून बसल्या. पप्पांना वाटलं, पोरांचं काहीतरी आठवलं असेल. पण बदलापूर यायच्या आत हसू गेलं. मी टमटममध्ये असते तोवर शेजारी त्यांना जागा आहे. मी सायकलवर बसले की मी पुढे निघून जाणार आणि ते मागे राहणार, एकटे, टीव्हीसमोर, दुपारपर्यंत. कंपनी गेली, मग तू पुण्याला गेलीस, आता मी. एवढ्या मोठ्या माणसाने हे तोंडाने कसं सांगायचं? म्हणून ते चेन धूत होते. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कारण बालवाडी माझी जाणार होती.

म्हणून काल संध्याकाळी डब्यातून चेन काढली, नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे नेली. त्याने रॉकेलच्या फडक्याने पुसली, ऑइलचे चार थेंब सोडले, चढवली. माझा चहा व्हायच्या आत झालं. आज सोमवार. आज मी सायकलने चामटोलीला गेले आणि पोरांच्या आधी पोचले. मी उंबऱ्यावर बसले होते आणि पोरं येत होती! बनूबाई बघतच राहिल्या. निघताना पप्पा दारात उभे होते, एवढंच म्हणाले, 'चढावर उतर.' मी दुपारी परत आले तर ते जेवले नव्हते. आणि संध्याकाळी दळण घेऊन येते तर जिन्याखाली ते सायकल धरून, एक पाय पेडलवर, दुसऱ्याने लंगडी घालत, भिंतीला हात लावून. मला बघून म्हणाले, 'चेन तपासतोय.' मी म्हटलं, तपासा. आणि वर आले.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. तुला त्यांचा फोन येईल. पुण्यात शर्यतीच्या सायकलींच्या दुकानात फक्त चेनसाठीचं कसलं तरी परदेशी फवाऱ्याचं औषध मिळतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. ते आण म्हणतील. संपलंय म्हण. औषध नको, तू ये, शनिवारीच ये. मीनलच्या भावाची मोठी सायकल अशीच पडून आहे, ती मी मागून ठेवलीय. पहाटे पप्पांना मैदानावर घेऊन जा. मी येणार नाही, माझ्यासमोर ते पडणार नाहीत आणि पडल्याशिवाय सायकल येणार नाही. तुला आठवतं, तुला कसं शिकवलं होतं त्यांनी? सीट धरून, लुंगी खोचून, तुझ्यामागे सगळं मैदान धावायचे. तू म्हणायचीस, पप्पा, सोडू नका, आणि ते ओरडायचे, 'धरलंय गं, धरलंय!' तू कधीच पुढे गेलेली असायचीस, ते मैदानाच्या मधोमध धापा टाकत उभे, हात मोकळे आणि तरी ओरडतायत, 'धरलंय!' ज्याला स्वतःला येत नव्हती त्याने तुला शिकवली, मैत्रेयी. तेव्हा आता तू धाव. आणि हात सुटला तरी ओरडत राहा.

तुझीच,
गुडघा सोललेली पण वेळेवर पोचणारी,
आई