दोन रात्री लिंबात

३ मार्च, मंगळवार

मुलाचा फोन आला. पंधरा तारखेला, रविवारी, मला न्यायला येतो म्हणाला. "आई, तुझी खोली तयार आहे." म्हणजे त्याच्या त्या नव्या बाईने आपलं शिवणयंत्र हलवलं असणार. बायको-पोरीला सोडून गेला त्याला वर्ष झालं. आईची आठवण आत्ता आली.

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? घर सुनेचं. मी तिच्या नवऱ्याची आई, आणि नवराच राहिला नाही. आता कुठल्या तोंडाने इथे बसू?

सुनेला सांगितलं. ती भांडी घासत होती. पाठ न वळवता म्हणाली, "बरं." एवढंच! राहू का म्हणून विचारायची मला सवय नाही.

५ मार्च, गुरुवार

कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलात शेगडीवर उभं राहायला माणूस हवंय. सुनेने अर्ज दिलाय. चौदाला तिथला मुख्य आचारी तिच्या हातचं खाऊन ठरवणार. पदार्थ त्यानेच सांगितला – डुकराचे तुकडे काडीला ओवून भाजायचे, ग्रीक पद्धतीने. ग्रीस कुठे आलं विचारलं तर नात नकाशा घेऊन आली. हातातून पडून फुटल्यासारखा देश आहे, अर्धे तुकडे पाण्यात.

७ मार्च, शनिवार

पहिला प्रयोग. सुनेने खांद्याचं मांस आणलं, चरबीवालं. अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे केले. ऑलिव्हचं तेल, लसूण, मीठ, लिंबू, आणि ओरेगानो म्हणून एक वाळका पाला – तो तळहातावर चोळून टाकायचा. वास औषधाच्या कपाटासारखा, पण वाईट नाही. बांबूच्या काड्या पाण्यात बुडवून ठेवल्या, नाहीतर त्याच आधी पेटतात.

सून म्हणते, लिंबू पिळलं की चार तास मुरवायचं, जास्त नाही. चार तासांत काय होतंय? मी तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली. चार तासांत डाग नुसता ओला होतो.

तुकडे जरा वातड झाले. नात म्हणाली, आजीच्या कवळीची परीक्षा आहे. लाडावलेली कार्टी.

८ मार्च, रविवार

मंगळवारी दुसरा प्रयोग. सुनेने आत्ताच मांस कापून तेल-लसूण लावून फ्रिजमध्ये ठेवलंय. लिंबू त्याच दिवशी, चार तास आधी पिळणार म्हणते.

ती अंघोळीला गेली तेवढ्यात मी पिळून टाकलं. पाच लिंबं. चांगलं भिजू दे. जाण्याआधी एवढं तरी करावं तिच्यासाठी.

१० मार्च, मंगळवार

नासवलं मी सगळं.

मांस पांढरंफटक पडलं होतं. ओवायला घेतलं तर तुकडा बोटांतच सुटायला लागला, शंभरदा धुतलेल्या चादरीसारखा. सुनेने वास घेतला, माझ्याकडे बघितलं. "आई, लिंबू कधी पिळलंत?" मी म्हटलं, परवा. खोटं बोलून कुठे जाणार, घरात तिसरं माणूस म्हणजे नात.

"लिंबाने मांस शिजतं, आई. डाग नाही काढायचेत."

मग स्टुलावर बसून राहिली. तीन दिवस उरलेत. ओरडली असती तर मीही दोन शब्द ऐकवले असते आणि मिटलं असतं. ओरडली नाही. उठून मलाच चहा केला.

११ मार्च, बुधवार

पिशवी भरली. चार कपडे, चष्मा, गुडघ्याचं तेल. एका पिशवीत मावले मी.

१२ मार्च, गुरुवार

आज गच्चीत कोळसे पेटवून तिसरा प्रयोग. मी ठरवलं होतं, कशाला हात लावायचा नाही. पण डोळ्यांचं काय करणार? पहिल्या चार काड्या वरून काळ्या, आतून कच्च्या. पुढच्या चार नुसत्या उकडल्यासारख्या. सून घामाघूम. विस्तव केवढा हवा तेच तिला कळेना.

मग राहवलं नाही. आमच्या धुलाईखान्यात दहा इस्त्र्या होत्या आणि एकीलाही उष्णतेचा काटा नव्हता. हात वर धरायचा आणि आकडे मोजायचे. तीनच्या आत हात ओढावा लागला तर कापड जळणार. सातपर्यंत टिकला तर सुरकुती तशीच. पाच पाहिजे. तिचं मनगट धरलं आणि तिचा हात कोळशांवर नेला. म्हटलं, मोज. तिने मोजलं. कोळसे पसरले, परत मोजलं. पाचाला हात निघाला. तिचा हात फार खरखरीत झालाय. मी सोडायला जरा वेळ लावला.

आणखी एक सांगितलं. तुकडे एकमेकांना चिकटवून ओवू नकोस. दाटीने वाळत घातलेलं मधे ओलंच राहतं.

काय काड्या झाल्या! कडेला करकरीत, आत रसदार. काकडी घातलेल्या दह्यात बुडवून नातीने सहा खाल्ल्या. मी चार. कवळीने तक्रार केली नाही.

१३ मार्च, शुक्रवार

सुनेने मांस कापून ठेवलं. मी त्या फ्रिजच्या बाजूला फिरकलेसुद्धा नाही. पाणी नळाचं प्यायले.

१४ मार्च, शनिवार

सून सकाळी नऊला गेली. घडी केलेले कपडे मी उलगडून त्यांची परत घडी घातली. नात म्हणाली, आजी, तू घाबरलीस. म्हटलं, तोंड बंद कर आणि मोजे शोध.

तीनला आली. चपलाही काढल्या नाहीत, दारातच सांगत सुटली. आचाऱ्याने एक काडी खाल्ली. दुसरी उचलली. ती संपवून हात पुसले आणि म्हणाला, सोमवारपासून ये. सांगताना रडायला लागली. मी म्हटलं, दोन काड्या खाल्ल्या म्हणजे उपाशी असेल बिचारा. रडता रडता हसली. तेवढ्यासाठीच बोलले होते.

उद्याचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

१५ मार्च, रविवार

मुलगा अकराला आला. मी पिशवी घेऊन दारात. सुनेने ती माझ्या हातातून घेतली. मला वाटलं, खालपर्यंत आणून देतेय. तिने नेऊन माझ्या खाटेवर ठेवली आणि दारात येऊन त्याला म्हणाली, "तू मला सोडलंस. मी सासूला सोडलेलं नाही. आईला भेटायचं असेल तर येत जा, जेवून जा."

माझं मत दोघांनीही विचारलं नाही. बरं झालं. विचारलं असतं तर मी उगाच 'जाते' म्हटलं असतं.