आईचं ताम्हन

मंगळवार, म्हसावद

सकाळी ई-रिक्षाची नवी बॅटरी आली, व्होल्टमीटर लावला तर शून्य. लिथियमची बॅटरी शून्यापर्यंत उतरली की कायमची निकामी होते, म्हणून शहाद्याच्या दुकानदाराला, हमीदभाईंना, फोनवर नको ते बोललो. ते म्हणाले, "ही सोडियमनी शे, भाऊ. रिकामीच येस." सोडियमची बॅटरी शून्यावर आणूनच पाठवतात, हे मला पटलं नाही; रागात मी ती चार्जिंगला लावलीच नाही.

संध्याकाळी पाहतो तर आईने बॅटरीची पूजा मांडलेली. तांब्याचं ताम्हन बॅटरीच्या अधिक-उणे अशा दोन्ही टोकांवर आडवं. मी धावतच पुढे गेलो. पण ठिणगीसुद्धा उडाली नाही. आई कुंकू लावत म्हणाली, "काय व्हयनं रे?"

ते ताम्हन. दोन्ही टोकांवर.

मला हवी होती तशी भरलेली बॅटरी आली असती, तर?