चेहऱ्याचा सराव

३ जून
आज नव्या नोकरीवर रुजू झाले. श्रवणयंत्रांचं छोटं दुकान. दोन खुर्च्या, काचेचं कपाट, खिडकीत छान ऊन. येणाऱ्यांना नीट ऐकू येत नाही, त्यामुळे तोंडाआधी चेहरा बोलला पाहिजे, असं मालकीणबाई म्हणाल्या. माझा चेहरा म्हणे शटर ओढलेल्या दुकानासारखा. मला हसू आलं. ताई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

४ जून
सरावासाठी कॅमेरा बसवलेला पडदा आहे. ज्या माणसाचा चेहरा आपल्याला चटकन कळतो, त्याचे व्हिडिओ त्यात घालायचे. पडदा तसे हावभाव शिकवतो. चुकलं की गळ्यातला बिल्ला थरथरतो. मी मोबाइलमधले ताईचे सगळे व्हिडिओ घातले. निवडत बसले नाही. बघवत नव्हते.

१२ जून
गिऱ्हाइकं आता मलाच शोधत येतात. संध्याकाळी भाची जेवायला आली. मी भुवई उडवून ताट पुढे सरकवलं, तर म्हणाली, मावशी, हे आईचं आहे. आणि रडायला लागली. मला मात्र बरं वाटलं. ताई घरात असल्यासारखं.

१७ जून
बिल्ला दुकानातच होता. तरी घरी चेहरा आपोआप बदलला. डोळे विस्फारले, मान बारीक हलू लागली. ओळखलं. दवाखान्यातला शेवटचा व्हिडिओ. भाचीला दाखवायला मी काढत होते. घशात नळी, ताईला बोलता येत नव्हतं. मला वाटलं, पाणी हवंय. पाण्याचा जग घ्यायला मागे वळले. पुन्हा बघितलं तोवर ती गेली होती.

१८ जून
मालकीणबाईंनी पडद्यातले ताईचे सगळे व्हिडिओ पुसून टाकले. चेहरा थांबत नाही. हातांनी दाबून धरला तरी— काय हवं होतं ताई? तेवढं कळलं तरी—

१९ जून
लहानपणीच ऐकू येणं गेलेले मास्तर आले होते. चेहरे वाचतच आयुष्य काढलेलं. मला बघून त्यांचं हसू मावळलं. उठून निघाले. मी हात धरला, काय दिसतंय विचारलं. खाली बघत म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगताय ना, मागे वळू नका म्हणून."

२० जून
ताईला पाणी नको होतं. ती माझ्यासाठी—
दुकानात गेले नाही. टेबलाशी बसून आहे. समोर आरसा. बघत नाही. चेहरा नको नको म्हणतोच आहे.
घसा कोरडा. पेला मागे, ओट्यावर. वळायचं नाही. डोळे वहीवर ठेवून हात मागे नेला. लागला पेला.
भरलेला.
मी तर तो धुऊन पालथा—